बहात्तर तास गप्प

आप्पांचा आवाज मी बंद केला. कंपनीनं नाही, डॉक्टरनं नाही. अकरा ओळींचा एक नियम होता. तो मी माझ्या हातानं, चहाचा कप शेजारी ठेवून, मजेत लिहिला होता. एका शुक्रवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी त्यानं आपलं काम चोख केलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी कंपनीला शिव्या देणार आहे आणि तुम्हाला वाटेल ही बाई आपलं पाप दुसऱ्याच्या गळ्यात घालतेय. शिव्या कंपनीच्या वाट्याच्या आहेत, त्या तिला मिळतीलच. पाप माझं आहे.

माझे वडील धोंडिराम दिवटे चाळीस वर्षं इचलकरंजीत जॉबर होते. जॉबर म्हणजे यंत्रमागांचा मिस्त्री. कारखान्यात माग बिघडला की त्यांना कुणी हाक मारायचं नाही, कारण त्या खडखडाटात हाक ऐकूच येत नाही. कामगार नुसता हात वर करायचा. आप्पा यायचे, मागाच्या चौकटीवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि कुठल्यातरी नटाला पान्याचा अर्धा फेर द्यायचे. झालं. माग चालू.

"माग वहीत लिहून लागत नसतोय," ते म्हणायचे. "कानानं लागतोय. आणि एकदा लागलेला माग झाडलोट करायला म्हणून बंद करू नये. परत तसाच लागंल ह्याची खात्री त्याला सुदिक नसते."

जुने धोट्याचे माग भंगारात गेले त्याच वर्षी आप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजत सगळं होतं, शब्द मनात तयार होत होता, पण तोंडापर्यंत पोचत नव्हता. आई त्याआधीच गेली होती. घरात आम्ही दोघंच. दोन वर्षं त्यांच्या तोंडून "आँ" याशिवाय काही निघालं नाही, आणि मी त्या एका "आँ"चे वीस अर्थ लावायला शिकले. मग सरकारी योजनेत नंबर लागला आणि त्यांच्या मेंदूवर जाळी बसली.

जाळी म्हणजे टिकलीएवढी, कागदापेक्षा पातळ पट्टी. तिच्यावर दोनशे छप्पन्न ठिपके. मेंदूच्या ज्या भागातून जीभ, ओठ आणि घसा यांना हुकूम सुटतात, त्या भागावर ती ठेवतात. माणसानं बोलायचं ठरवलं की तिथं विजेच्या बारीक लहरी उठतात. जीभ हलो न हलो, हुकूम सुटतोच. ठिपके तो टिपतात, कानामागच्या डबीतून तो पलंगाशेजारच्या यंत्राकडं जातो, यंत्र त्या लहरींवरून कुठला आवाज काढायचा होता ते ओळखतं, आवाजांचे शब्द जुळवतं आणि स्पीकर बोलतो. ह्यात जादू काही नाही, सगळा अंदाजाचा खेळ आहे. आणि लहर अस्पष्ट असली की यंत्र गप्प बसत नाही. त्याला शिकवलेल्या वाक्यांतलं सगळ्यात नेहमीचं वाक्य ते ठोकून देतं.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं त्याला कुणाची वाक्यं शिकवली होती, तर पुण्यातल्या शिकल्यासवरलेल्या लोकांची.

पहिल्या दिवशी डॉक्टर, नर्स, मी आणि कासिमचाचा, असे सगळे पलंगाभोवती जमलो. कासिमचाचा म्हणजे आप्पांच्याच कारखान्यातला मागावरचा कामगार, तीस वर्षांचा दोस्त. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. स्पीकर खाकरल्यासारखा झाला आणि बातम्या देणाऱ्याच्या आवाजात म्हणाला, "आपण भोजन केले आहे काय?"

सगळे टाळ्या वाजवायला लागले. चाचा पोट धरून हसला. "जॉबर, तू तर कलेक्टर झालास की रे."

आप्पा हसले नाहीत. त्यांना "जेवलीस काय गं" म्हणायचं होतं. मला दिसत होतं.

आता माझं सांगते. मी इंजिनिअर नाही. बारावीला इंग्रजीत नापास झाले, परत बसले नाही. आप्पांनी कारखान्याच्या ऑफिसातून घरी आणलेल्या जुन्या संगणकावर फुकटचे धडे वाचून कोड शिकले. आज परदेशातल्या सहा-सात गिऱ्हाइकांची कामं घरात बसून करते. माझं हत्यार एकच, माझा एडिटर. एडिटर म्हणजे नुसती लिहायची वही असं लोकांना वाटतं. काही एडिटर मात्र असे असतात की ते ज्या कोडचे बनलेत तो कोड तुम्ही त्यांच्यातच बसून बदलू शकता. वहीला सांगायचं, अमुक शब्द दिसला की लाल हो, तमुक कळ दाबली की ही ओळ त्या यंत्राला पाठव. बारा वर्षं मी तो असा वाकवत आले. आता तो दुसऱ्या कुणाला चालवता येणार नाही. आप्पांच्या पान्याची मूठ त्यांच्याच हाताच्या खड्ड्यांत बसायची, तसं.

मी तो मुख्यतः सेशन सांभाळायला वाकवला होता. सेशन म्हणजे यंत्राशी चालू असलेलं बोलणं. एक ओळ लिहायची, पाठवायची, उत्तर तिथंच ओळीखाली येतं, ते बघून पुढची ओळ. प्रत्येक सेशनला एक खिडकी, प्रत्येक खिडकीला एक रंग. आणि एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण सगळं तिच्यावर आहे. फाइलमध्ये राहतात त्या फक्त तुम्ही लिहिलेल्या ओळी. त्या ओळींनी यंत्राच्या आत जे जे घडलं, ते यंत्र जे जे शिकलं, ते फक्त चालू सेशनच्या स्मरणात असतं. सेशन बंद केलं की ते गेलं. मागे उरते नुसती ओळींची यादी.

कंपनीच्या यंत्राला मागच्या बाजूनं दुरुस्तीसाठी एक दार होतं. त्यांचा माणूस यायचा, तार जोडायचा आणि यंत्राशी असंच बोलत बसायचा. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. पासवर्ड यंत्राखालच्या स्टिकरवर छापलेला होता. तो गेला त्याच दुपारी मी माझ्या एडिटरमध्ये एक नवी खिडकी उघडली आणि तिला हळदीचा रंग दिला.

चौदा महिने ती खिडकी चालू होती.

आप्पा एक शब्द मनाशी घोकायचे, मी तो लिहून पाठवायचे, यंत्र सांगायचं की ह्या लहरीवरून मला अमुक ऐकू आलं, मी म्हणायचे चूक, हे घे. कांडी. धोटा. बीम, सगळे मागाचे शब्द. "तार तुटली," म्हणजे मागावरचा धागा तुटला. "मर की मुडद्या." पुण्याच्या यंत्राला मी इचलकरंजीच्या शिव्या शिकवल्या. सहाव्या आठवड्यात स्पीकर म्हणाला, "अक्षे, च्या कर. आणि ह्या कास्याला साखर कमी घाल, शुगर हाय त्याला." चाचा बाहेर जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि तो म्हणाला, "साखर तू कोण ठरवणारा रे?"

मधल्या काळात ठिपके मरत होते. मेंदू परक्या पट्टीला आपलं म्हणत नाही, तिच्याभोवती व्रण धरतो. दोनशे छप्पन्नचे दोनशे झाले, मग दीडशे, मग शंभर, शेवटी त्रेसष्ट. पण रोज थोडं थोडं होत असल्यामुळं सेशन त्यांच्या मागोमाग सरकत होतं. एक ठिपका मेला की त्याचं काम शेजारच्या दोघांवर वाटलं जायचं. हे वाटप कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. ते त्या चालू स्मरणात होतं आणि बाकी कुठंही नव्हतं.

ते स्मरण उतरवून घ्यायला मी शंभर वाटांनी धडपडले. कंपनीनं कुलूप घातलं होतं. यंत्र जे शिकेल ते कंपनीच्या मालकीचं, त्याची प्रत काढायची नाही, अशी अट कागदावर होती आणि कोडमध्येही होती. माझ्या बापाच्या मेंदूतून निघालेलं, मी माझ्या हातानं शिकवलेलं, आणि मालक कोण, तर पुण्यात काचेच्या इमारतीत बसलेला. आमच्या गावाला हे नवीन नाही. इथं पिढ्यान् पिढ्या विणणारा फाटक्या बनियनवर फिरत आलाय.

म्हणून मी खिडकी कधी बंदच होणार नाही अशी सोय केली. यंत्राला दोन इन्व्हर्टर लावले, एक बसला तर दुसरा. तारेवर पाय पडू नये म्हणून तार भिंतीत घातली. वीज, उंदीर, पाणी, सगळ्यांचा विचार केला. माझा केला नाही.

तो अकरा ओळींचा नियम फार जुना होता, जाळीच्या आधीचा. गिऱ्हाइकांची सेशनं मी उघडायचे आणि विसरायचे, ती साठायची, मशीन तापून गुदमरायचं. मग एकदा कंटाळून मी एडिटरला सांगून ठेवलं: ज्या सेशनमध्ये बहात्तर तासांत एकही ओळ उमटली नाही ते मेलेलं समज आणि बंद कर. सातव्या ओळीवर अपवादांची जागा होती. तिथं एखादं नाव लिहिलं की ते सेशन वगळलं जायचं. ती जागा मी रिकामीच ठेवली होती. हळदी खिडकी आली तेव्हा मला त्या नियमाची आठवणसुद्धा झाली नाही, कारण आप्पा बोलायचे थांबतच नव्हते. दोन वर्षांचं साठलेलं होतं. तीन तास कधी गप्प नव्हते ते, तीन दिवस कुठले.

ह्यात माझा मूर्खपणा किती मोठा आहे ते तुम्हाला आमचं घर माहीत नसल्यानं कळणार नाही. आमच्या घरात भांडण आरडाओरड्यानं होत नाही, अबोल्यानं होतं. आईनं एकदा पितळी परात न विचारता मोडीत घातली म्हणून आप्पा अकरा दिवस तिच्याशी बोलले नव्हते. जेवण वेळेवर, च्या वेळेवर, फक्त शब्द नाही. आई चुलीला उद्देशून म्हणायची, "कुणाला भाकरी पाहिजे असंल तर टोपल्यात हाय." जो आधी बोलला तो हरला, असा कायदा. अशा घरात वाढलेल्या पोरीनं नियम लिहिला की जो तीन दिवस गप्प बसला तो मेला.

आता भांडणाचं सांगते.

बोलणं आणि मनात म्हणणं ह्यांत मेंदूच्या लेखी फार फरक नाही. बोलायचा हुकूम जोरात सुटतो, मनातला हळू. मध्ये कुठंतरी एक रेघ ठरवावी लागते. तिच्या वरचं बोललं जाईल, खालचं नाही. माझ्या कोडमध्ये मी तिला उंबरा म्हणत होते. संध्याकाळी आप्पा थकायचे, त्यांचे बोलायचे शब्दही उंबऱ्याच्या आत अडकायचे. म्हणून मी दुसरा, खालचा एक उंबरा घातला. त्याच्यावरून आलेलं स्पीकर बोलणार नाही, फक्त माझ्या खिडकीत करड्या अक्षरांत उमटेल. यंत्राला शिकवायला उपयोगी म्हणून.

उपयोगी होतंच. पण नऊ महिने मी ती करडी अक्षरं वाचत होते, आणि त्यांत काय काय होतं. मागांचे आवाज. जुने हिशेब, जुनी भांडणं. आईशी गप्पा, ती गेली हे माहीत असूनसुद्धा रोज दुपारी तिला दिवसभराचं सांगणं. हे चोरून वाचणं आहे हे मला कळत होतं. मी त्याला नमुने म्हणायचे.

त्या मंगळवारी सकाळी मी त्यांना अंघोळ घालत होते. पलंगावरच, ओल्या कापडानं पुसून, जशी तीन वर्षं रोज घालत आले तशीच. लॅपटॉप स्टुलावर उघडा होता. मी त्यांची लुंगी सोडली आणि खिडकीत करडी ओळ उमटली. *लाज वाटते. पोरगी हाय. पोरगा पाहिजे होता.*

आज ही ओळ वाचली तर मला पहिले दोन शब्द दिसतात. त्या दिवशी फक्त शेवटचे दिसले.

"पोरगा पाहिजे होता काय, आप्पा?"

त्यांनी डोळे उघडले. स्पीकर म्हणाला, "कोण म्हणालं?"

"तुम्हीच. आत्ता."

"मी बोललो न्हाई."

"मनात म्हणाला. हे बघा, छापलंय." मी लॅपटॉप त्यांच्या तोंडासमोर धरला. त्यांनी ओळ वाचली, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची. एक डोळा नीट मिटत नव्हता त्यांचा, त्या डोळ्यानंही वाचत होते.

"कवापास्नं वाचतीस?"

"नऊ महिने."

"तुझ्या आईसंगं बोलतो ते बी?"

मी लॅपटॉप परत स्टुलावर ठेवला. पाणी गार होत होतं.

"बोललेलं समद्यांचं असतंय," स्पीकर म्हणाला. आवाज त्यांच्या जुन्या आवाजासारखा लावायला मला दोन महिने लागले होते, आता तो अगदी त्यांचाच वाटत होता. "न बोललेलं तेवढं माझं ऱ्हायलं होतं. त्याला कशाला हात लावलास?"

चुकले म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "तीन वर्षं तुमचं हगणं-मुतणं काढतेय. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. आणि तुम्हाला पोरगा पाहिजे. करा जाहिरात, येतोय काय बघू कुणी."

"ऊठ. जा हितनं."

ही हळदी खिडकीतली शेवटची ओळ. वेळ, दहा चाळीस.

मी त्यांना कपडे घातले, तोंड फिरवून. मग तावातावानं एडिटरच्या सेटिंगमधून खालचा उंबरा काढूनच टाकला. घ्या, आता तुमच्या मनातलं एक अक्षर दिसायचं नाही. खिडकी मिटवली, म्हणजे पडद्याआड सरकवली, बंद केली नाही. एवढं भान होतं.

आणि अबोला सुरू झाला.

बुधवारी मी पंख्याकडं बघून म्हणाले, "कुणाला च्या पाहिजे असेल तर झालाय." आप्पांनी भिंतीकडं तोंड केलं. मी चमच्यानं पाजला, त्यांनी गिळला, दोघांनी एकमेकांची नजर चुकवली. गुरुवारीही तेच. कासिमचाचा लेकीकडं मिरजेला गेला होता. तो असता तर आप्पा त्याच्याशी बोलले असते, माझ्याबद्दल चार शिव्या तरी घातल्या असत्या, आणि एक शिवी पुरे होती. खिडकीत एकच ओळ उमटायला पाहिजे होती, आणि मनातल्या करड्या ओळी तर मीच बंद केल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी मी गिऱ्हाइकाशी बोलत होते. एडिटरच्या तळाशी बारीक अक्षरांत सूचना आली: *१ निष्क्रिय सेशन बंद केले.* मी ती वाचली. खरं सांगते, मला बरं वाटलं. काहीतरी आवरल्यासारखं.

एक वाजता मी आंबील घेऊन आप्पांजवळ बसले. अबोला मोडायचा नाही असं ठरवूनच बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. नजर चुकवली नाही. डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला, आणि मला कळलं की ते बोलणार आहेत. अकरा दिवस आईसमोर न हरलेला माणूस तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर हरायला तयार झाला होता.

स्पीकर म्हणाला, "शुभ सकाळ."

मला वाटलं टोमणा आहे. "काय नाटक आहे हे?"

"माझे नाव. शुभ सकाळ. मी ठीक आहे."

बातम्या देणाऱ्याचा आवाज. आप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू, हो, थोडं हसू होतं, ते विरत गेलं. ते परत बोलायला गेले, कपाळावरची शीर फुगली. "धन्यवाद. शुभ सकाळ. आज हवामान छान आहे." ते लांबलचक काहीतरी सांगत होते. पाच-सहा वाक्यांएवढा वेळ त्यांची नजर माझ्यावरून हलली नाही, आणि यंत्र त्यांच्या प्रत्येक लहरीला कंपनीचं एकेक सभ्य वाक्य चिकटवत होतं. "आपली भेट घेऊन आनंद झाला," ते शेवटी म्हणालं.

माझ्या हातातला वाडगा कुठं पडला ते आठवत नाही. लॅपटॉपवर हळदी पट्टीत लिहिलं होतं, सेशन समाप्त, १०:४०.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस आला. ईशान नाव, पंचविशीचा, बूट बाहेर काढून आत आला, बोलायला अगदी गोड. त्यानं नोंदी चाळल्या.

"मॅडम, इथं अनधिकृत बदल झालेत. चौदा महिने. हे कुणी केलं?"

"मी."

"तुमचं शिक्षण कशात?"

"बारावी. इंग्रजीत नापास."

त्यानं परत पडद्याकडं बघितलं. बराच वेळ माझ्या ओळी वाचत बसला. "आमच्या टीमला नव्वद ठिपक्यांच्या खाली काहीच काढता येत नाही," तो हळूच म्हणाला. "तुम्ही त्रेसष्टांवर त्यांना शिव्या द्यायला लावत होतात."

"प्रत काढू दिली असती तर आजही देत असते."

"पॉलिसी आहे, मॅडम."

"पॉलिसीला बाप असतो काय?"

तो मान खाली घालून तार जोडायला लागला. त्याचा राग मला करता आला नाही, ह्याचाच जास्त राग आला. त्यानं यंत्र पहिल्यापासून शिकवायला घेतलं. ठरावीक चारशे वाक्यं. सूर्य पूर्वेला उगवतो. माझ्या घरी एक गाय आहे. आप्पांनी दोन दिवस प्रामाणिकपणे मनात घोकली. तिसऱ्या दिवशी ईशान म्हणाला की त्रेसष्ट ठिपक्यांवर नव्यानं उभं राहील एवढं बळ लहरींत नाही. जुनं सेशन चालत होतं, कारण ते दोनशे छप्पन्न असल्यापासून त्यांच्याबरोबर उतरत आलं होतं. आता मधूनच चढता येत नाही. नवी जाळी? डॉक्टरांनी मान हलवली. वय, रक्तदाब, पहिला व्रण.

माझ्या फाइलमध्ये चौदा महिन्यांच्या सगळ्या ओळी होत्या, एकोणीस हजार. मी त्या पहिल्यापासून परत पाठवल्या, एकेक. यंत्रानं त्या घेतल्या आणि काहीही झालं नाही. त्या ओळी बरोबर होत्या, पण त्या ज्या दिवशीच्या आप्पांना लिहिल्या होत्या ते आप्पा आता नव्हते. शेवटी तीन शब्द उरले. हो. नको. पाणी. त्यांतलाही नको बऱ्याचदा धन्यवाद होऊन निघायचा, म्हणून आप्पांनीच एक दिवस स्पीकरची तार डाव्या हातानं उपटून टाकली.

कासिमचाचा मिरजेहून आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. करड्या अक्षरांचंसुद्धा. तो उठला. पलंगावर आप्पांच्या डाव्या बाजूला बसला आणि हातानं काहीतरी खूण केली. आप्पांनी डाव्या हातानं उत्तर दिलं. मी बघतच राहिले. कारखान्याच्या आवाजात कामगार तीस-चाळीस वर्षं हातांनीच बोलत आलेत. ह्यांच्यापाशी एक भाषा होती, वीज नसलेली, कुलूप नसलेली. दोन वर्षं ते "आँ" करत पडले होते तेव्हाही असणार. मला ती येत नव्हती, कारण आप्पांनी मला कधी कारखान्यात पाऊल टाकू दिलं नाही. पोरीचं काम नव्हे म्हणून.

"चाचा, त्यांना विचार ना," मी म्हणाले. "त्या शुक्रवारी ते मला काय सांगत होते?"

चाचानं विचारलं. आप्पा त्याच्या हाताकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं, थांबले, परत घासलं, हात उचलला, हवेत तसाच धरला आणि खाली ठेवला.

"काय म्हणाले?"

"तार तुटली. गाठ मार." चाचानं चष्मा काढून शर्टाला पुसला. "मग फुडं काय न्हाई, बेटा. फुडं खूणच न्हाई. तार, कांडी, पाणी, मुकादम आला, माग बंद कर. पन्नासभर खुणा हैत समद्या मिळून. मनातलं सांगायची एक बी न्हाई. मागावर कोण कुणाला मनातलं सांगतंय?"

ह्याला सात महिने झाले. चाचा जमेल तसा येतो, मला खुणा शिकवायला बघतो. माझ्या डोक्यात त्या राहत नाहीत. अंघोळ घालायला मी एक माणूस ठेवलाय. तो आत गेला की मी दार लावून घेते.

तो नियम मी काढून टाकला. आता माझ्या एडिटरमध्ये कुठलंच सेशन बंद होत नाही. चाळीस-पन्नास खिडक्या साठल्यात, बऱ्याच कशाच्या ते मला आठवतही नाही, आणि त्यांच्यात एक हळदी आहे, आत काही नसलेली. मशीन दिवसभर तापलेलं असतं. त्याचा पंखा खडखडतो, आणि भर दुपारी तर शेजारी माग चालल्यासारखा आवाज येतो. आप्पा तेव्हा मान तिरकी करून ऐकत बसतात, कुठला नट ढिला आहे ते शोधत असल्यासारखे. मग डावा हात उचलतात, तळवा खाली करून सावकाश आडवा फिरवतात.

ती एक खूण मला येते. माग बंद कर.

मी बघितलं नाही असं दाखवते, आणि पुढची ओळ लिहायला घेते.